तीन किमतींचा कॅमेरा

४ जानेवारी

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण आत्ताच देवापुढे दिवा लावून बसले आहे, तेव्हा पहिल्याच ओळीत खोटं नको.

फोन करत नाही, कारण आमचा फोन स्टुडिओतल्या टेबलावर, आणि स्टुडिओ आणि स्वयंपाकघर यांच्यात फक्त एक पडदा. मी कुजबुजले तरी हे पलीकडून उत्तर देतात.

यांचा कॅमेरा बिघडला आहे. गेल्या वर्षी शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढले, त्यातले एकेचाळीस धूसर आले. शाळेच्या मोठ्या बाईंनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाल्या, "ही मुलं काय पाण्याखाली बसली होती?" यांनी मान खाली घातली. मी शेजारीच उभी होते, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. यंदा १२ मार्चला पुन्हा फोटो आहेत. बाईंनी बजावलंय, या वेळी बिघडले तर काम चौकातल्या नव्या स्टुडिओला जाईल. दुकानाचं वर्षाचं भाडं त्या एका कामातून निघतं रे. ते गेलं की दुकान गेलं, आणि दुकानामागेच आमचं घर.

नवा घ्या म्हटलं तर म्हणतात, "नको. माझ्या हाताला हाच बसलाय." दुरुस्तीला नेला. मेकॅनिकने आठवडाभर ठेवून घेतला आणि सांगितलं, कॅमेऱ्यात काही दोष नाही. वर दीडशे घेतले. दोष सापडला नाही याचे कोणी पैसे घेतं का?

म्हणून मी यांना न सांगता ठरवलंय. सोबतच्या कागदावर कॅमेऱ्याचं नाव नि नंबर लिहिला आहे. आपल्याकडे त्याला शहाण्णव हजार पडतात. दुकानदार म्हणाला, जिथे बनतो तिथे स्वस्त मिळतो. तू नेमका तिथेच आहेस. जरा चौकशी कर.

बाकी यांची तब्येत बरी. साखर आहे, पण गोळी चुकवत नाहीत. हल्ली तर माझे लाड चालले आहेत. रोजचा पेपर मला वाचायला लावतात. "तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते," म्हणतात. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर सुचलं!

तुझी,
ताई

१४ जानेवारी

ताई,

साष्टांग दंडवत. भाऊजी आणि लाड! हे वाचून बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मीही पेपर तिच्या हातात दिला.

शनिवारी तीन दुकानं पालथी घातली. तुझा कॅमेरा इथे दोन किमतींना मिळतो. परदेशी पाठवायचा म्हणून जो वेगळा ठेवतात, तो आपल्या पैशात अठ्ठ्याहत्तर हजार. त्याची वॉरंटी तिकडेही चालते. दुसरा इथल्याच लोकांसाठीचा. एकसष्ट हजार! कारखाना तोच, भिंग तेच, पेटीसुद्धा तीच, फक्त लेबल वेगळं. तुमचे शहाण्णव धरले तर एकाच वस्तूच्या तीन किमती.

फरक कशाचा, म्हणून विक्रेत्याला विचारलं. तो भला माणूस दहा मिनिटं जीव तोडून बोलला. त्यातलं मला "वॉरंटी फक्त इथे" एवढंच कळलं. सहा वर्षं इथे लिफ्ट दुरुस्त करतोय ताई, पण "वर, खाली, दारापासून लांब राहा" याच्यापुढे माझी भाषा गेलेली नाही.

माझं ऐकशील तर अठ्ठ्याहत्तरवाला घे. बिघडला तर तिकडे कोणी दाद तरी देईल. आणि भाऊजींना सांगून घे. त्यांच्या हातातली वस्तू त्यांच्या पाठीमागे बदलायची मला भीती वाटते.

बाळ्या

२५ जानेवारी

प्रिय बाळ्या,

तू अजून तसाच, वीस रुपयांची गोष्ट पंचवीसला आणून "चांगली मिळाली" म्हणणारा. नवी वस्तू आहे, बिघडायची ती नशीब असेल तर बिघडेल, म्हणून आजच सतरा हजार जास्त कोण देतं? एकसष्टवालाच घे. पोस्टातलं माझं बचतीचं प्रमाणपत्र पिकलं आहे, त्यातले पैसे उद्या पाठवते.

एकच अट. आणणाऱ्याने विमानतळावर पेटी उघडून दाखवायची आणि जकात भरायची. माझ्या अंदाजाने नऊ-साडेनऊ हजार होईल. ती धरूनही पंचवीस हजार वाचतात. पण लपवून आणायचा नाही. खोटं बोलून आणलेल्या कॅमेऱ्यासमोर सातशे मुलं बसवायची माझी छाती नाही.

यांना मात्र सांगणार नाही. सांगितलं की नाही म्हणतील, आणि यांच्या 'नाही'पुढे माझं चालत नाही. परवा मी नुसतं म्हटलं, "कॅमेरे किती पुढे गेलेत नाही?" तर हातातला कप असा ठेवला की बशीबाहेरच गेला. चहा सगळ्या पावतीपुस्तकावर. एवढा राग! मी बाई घाबरून विषयच बदलला.

सारखं तेच मनात येतं. पैसे बुडतील का, पेटी हरवेल का, हे घेतील का. रोज देवाला सांगते, १२ मार्च तेवढा पार पडू दे.

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

कॅमेरा घेतला. मी लिफ्टचं काम बघतो त्या कारखान्यातले बॉयलरचे फोरमन ९ तारखेला सुट्टीवर तिकडे येताहेत, ते आणून देतील. जकात भरायची हे त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुझ्या बहिणीची मला आताच भीती वाटायला लागली आहे."

सगळं उत्तम आहे. काळजी करू नकोस.

बाळ्या

१० फेब्रुवारी

ताई,

गेल्या पत्रात "सगळं उत्तम" लिहिलं ते खरं नव्हतं. चार दिवस झोप नीट नाही, म्हणून हे लिहितोय.

पेटी घरी आणून कॅमेरा चालू केला तेव्हा कळलं, तो विक्रेता दहा मिनिटं काय सांगत होता ते. या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरची सगळी अक्षरं इथल्या भाषेत आहेत आणि ती बदलता येत नाहीत. म्हणूनच तो स्वस्त. तारीख, उजेड, फोटोचा आकार, पुसायचं की ठेवायचं, एकूण एक शब्द इथल्या लिपीत. परत द्यायला गेलो, तर उघडलेली पेटी घेत नाहीत.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू आयुष्यभर पै-पै जोडलीस, आणि मी एक वाक्य नीट समजून घेतलं नाही. भाऊजी चालू करतील आणि पहिल्याच नजरेला म्हणतील, हे काय किडे-मुंग्या! त्यांनी रागावून आपटला नाही म्हणजे मिळवलं. तोवर हे पत्र पोचावं अशी प्रार्थना कर. तुझं तरी देव ऐकतो.

माझ्या ओळखीच्या एकाला धरून प्रत्येक शब्दाचा अर्थ लिहून घेतोय. कागद तयार झाला की पाठवतो. रागावू नकोस.

बाळ्या

१९ फेब्रुवारी

बाळ्या,

तुझं पत्र काल पोचलं. कॅमेरा आधीच, १३ला आला. मी तुझ्यावर रागावलेली नाही. राग यायला आधी मन जागेवर लागतं. 

काय झालं ते क्रमाने सांगते.

फोरमन पेटी देऊन गेले. जकातीची पावती दिली, नऊ हजार चारशे. मी पेटी यांच्यापुढे ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिले. आता आकाश कोसळणार. पण यांनी आधी पेटीच्या कडा बोटांनी चाचपल्या. मग पेटी उघडली, कॅमेऱ्यावरून हात फिरवला, आंधळी... नको तो शब्द. हात फिरवला. चालू केला. मागचा पडदा उजळला. त्यात बघत म्हणाले, "वा! अक्षरं काय स्वच्छ आहेत गं. जुन्याची सर याला नाही."

मला आनंदाने रडू आलं. चष्मा स्वयंपाकघरात होता, मला नुसता उजेड दिसला. लगेच मला स्टुलावर बसवून माझा एक फोटो काढला. म्हणाले, "छान आलीस." मी त्या दिवशी देवाला नेहमीपेक्षा मोठा दिवा लावला.

काल तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग हे बँकेत गेल्यावर चष्मा लावला आणि कॅमेरा चालू केला.

बाळ्या, त्यात एकही अक्षर आपलं नाही. मग यांना काय स्वच्छ दिसलं रे?

माझा तो फोटो शोधला. माझ्या पाठीमागच्या कापडी पडद्याच्या चुण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. पुढे स्टुलावर साडी नेसलेलं धुकं बसलंय. तोंड नाही त्याला. यांनी सवयीने भिंगावरची कळ हाताने फिरवायच्या फोकसवर सरकवली होती. नव्या कॅमेऱ्यालासुद्धा स्वतःचं स्वतः बघू दिलं नाही.

तेव्हापासून एकेक आठवतंय. बशीबाहेर गेलेला कप. तो राग नव्हता. पेपर. ते लाड नव्हते. मेकॅनिक म्हणाला कॅमेऱ्यात दोष नाही, आणि मी त्याला दीडशे रुपयांवरून नावं ठेवली.

तरी वाटलं, मीच वेडी असेन. म्हणून आज सकाळी एक केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोजचं पान मी फाडते. आज फाडलं नाही. पंजाएवढा मोठा १८ तसाच ठेवला आणि विचारलं, "आज तारीख काय हो?" यांनी भिंतीकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि म्हणाले, "दिसत नाही का? एकोणीस."

हे रोज तो मोठा रस्ता ओलांडून बँकेत जातात. मी दारात उभी राहून पावलं मोजते. काय बोलू, कसं बोलू? बोलले आणि खरं निघालं तर?

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

कॅमेरा गेला खड्ड्यात. उद्याच्या उद्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. साखर आहे त्यांना. आमच्या इथल्या एकाचं असंच झालं होतं. त्याने उशीर केला, पुढचं लिहीत नाही.

मला आता आठवतंय, दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो तेव्हा स्टेशनवर हात हलवला, तर भाऊजी माझ्या शेजारच्या माणसाला मिठी मारायला निघाले. आपण सगळे किती हसलो होतो! तेही हसले.

तू बोलायला घाबरतेस. ते तुझ्याहून जास्त घाबरले असणार, दोन वर्षं एकटेच. कोणीतरी सुरुवात करा.

सोबत शब्दांचा कागद आहे. प्रत्येक चित्रापुढे अर्थ लिहिला आहे. आता कोणासाठी पाठवतोय कोण जाणे. पैसे लागतील तर माग, मनात हिशेब करत बसू नकोस.

बाळ्या

१५ मार्च

प्रिय बाळ्या,

उशीर झाला. एवढ्या दिवसांत पेन हातात घ्यायला धीर नव्हता.

तुझं पत्र येईपर्यंत थांबले नाही. २१ फेब्रुवारीला सकाळी, दुकान उघडण्याआधी, कॅमेरा चालू करून यांच्या हातात दिला. म्हटलं, "वरची ओळ वाचून दाखवा."

"तारीख आणि वेळ."

"कुठल्या भाषेत?"

"म्हणजे काय? आपल्या."

 यांना तेवढ्यात कळून चुकलं. कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला, टेबल आहे ना हे आधी बोटांनी बघून. मग म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"परवा. तुम्हाला?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं मला पेपर वाचायला लावलात!"

"वाचतेस चांगलं," म्हणाले. आणि मग माझ्यासमोर हा माणूस रडला, बाळ्या. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा रडले नव्हते. म्हणाले, "फोटोग्राफरला दिसत नाही हे एकदा बाहेर गेलं की पासपोर्टच्या फोटोलाही कोणी येणार नाही. नवा कॅमेरा नको म्हणत होतो, कारण जुना असेपर्यंत त्याच्यावर ढकलता येत होतं."

मी किती हुशारी केली होती! तीन किमती ताडून सगळ्यात स्वस्त वस्तू आणली, आणि तिने यांचं शेवटचं निमित्त काढून घेतलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली आहे. सुई घेऊन औषध डोळ्यातच द्यायचं. आधी तीन, महिन्याला एक. नजर किती परत येईल सांगता येत नाही. काही न केलं तर उरलेलंही जाईल. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्या चिठ्ठीच लिहीत राहिल्या.

पहिली सुई ५ मार्चला झाली. आत यांना नेलं आणि मी बाहेर बाकावर यांच्या चपला मांडीवर घेऊन बसले. खाली ठेवायचं सुचलंच नाही. शेजारची बाई म्हणाली, "चपला कोण चोरतंय इथे?" मला हसूही आलं नाही. डोळ्यात सुई म्हणजे काय रे! वाचलेले पंचवीस हजार दीड सुईला पुरतात. उरलेले तुझ्याकडे मागते आहे, बघ, हिशेब केला नाही.

आता शाळा. मी मोठ्या बाईंना आधीच जाऊन खरं सांगितलं. हे "नको, नको" म्हणत होते, पण लपवून काम घ्यायचं मला पटेना. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मग काढणार कोण?"

"मी."

"तुम्ही? कधी काढलेत?"

 मागून हे म्हणाले, "हात तिचे, नजर तिची. उजेड माझा."

बाई म्हणाल्या, "चांगले आले तर कोणी काढले हे मी विचारणार नाही. वाईट आले तर विचारीन."

तुझा कागद ४ला आला, नेमका वेळेवर. मी मॅट्रिक झालेली बाई, परीक्षेलाही एवढं पाठ केलं नव्हतं. एकेक चिन्ह वहीत काढून अर्थ गिरवले. भिंगावरची कळ कॅमेऱ्याच्या फोकसवर सरकवून वर चिकटपट्टी लावली, यांचा हात तिथे जाऊ नये म्हणून. १२ला सातशे आठ मुलं.  हे शेजारी उभे. मुलांची तोंडं यांना दिसत नव्हती, पण उजेड कुठून पडतो ते गालावर ऊन घेतल्यासारखं कळत होतं. "खुर्ची वीतभर खिडकीकडे घे. नाकाची सावली ओठावर येऊ देऊ नकोस." एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही का नाही काढत?" तर म्हणाले, "मी साहेब आहे. साहेब नुसतं सांगतो."

घरी येऊन चष्मा लावून सगळे बघितले. सहा धूसर. सहांना पुन्हा बोलावलं आहे. बाईंचा अजून निरोप नाही. रोज कोणी दारात आलं की वाटतं, शाळेचा शिपाई आला.

एकसष्टवाला घेण्यासारखा होता का, असं यांनी परवा विचारलं. मी म्हटलं, सगळी अक्षरं वाचता येणारा घेतला असता तर आपण दोघंही अजून फसत राहिलो असतो.

कॅलेंडरचं पान मात्र मी आता रोज वेळेवर फाडते. परीक्षा घ्यायची भीती वाटते.

ताई

१४ एप्रिल

प्रिय बाळ्या,

दुसरी सुई ७ला झाली. या खेपेला मी चपला बाकाखाली ठेवल्या.

शाळेचा शिपाई काल आला. मी दाराआडच उभी राहिले, यांनीच पाकीट घेतलं. आत पैसे आणि एक ओळ: पुढच्या वर्षी १० मार्च. कोणी काढले, हे विचारलेलं नाही. तिसरी सुई मेमध्ये. डॉक्टरीणबाई आशा लावून घेऊ नका म्हणतात, म्हणून मी घेत नव्हते.

आज सकाळी घाईत कॅलेंडरचं पान फाडायचं राहून गेलं. खरंच राहिलं, मुद्दाम नाही. मी चहा गाळत होते. हे भिंतीसमोर उभे होते, मान जरा वाकडी करून, एक डोळा मिटून. बराच वेळ. मी गाळणं हातात धरून तशीच थांबले. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, मोडेल म्हणून.

मग म्हणाले, "अगं, तेरा अजून तशीच आहे. आज चौदा ना?"

चहा सगळा ओट्यावर गेला.

तुझी,
ताई